महागाईत सुट्टी: देशातच फिरावं की परदेशात जावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरखर्च वाढला की सगळ्यात आधी कात्री लागते ती सुट्टीला. ती डोळे झाकून चालवू नये. त्याचबरोबर "वर्षातून एकदाच तर जातो" म्हणत हात सैल सोडूनही चालणार नाही. सुट्टी ही चैन नाही असं मी मनापासून मानतो. वर्षभर राबणाऱ्या माणसाला ती मिळायलाच हवी. पण ती देशात घ्यायची की परदेशात, हे तिकिटाच्या जाहिरातीने ठरवू नये, आपल्या हिशोबाने ठरवावं. हा हिशोब मांडताना लोकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देतो.

सरळ सांगा, स्वस्त काय पडतं? देश की परदेश?

ते तुम्ही किती दिवस जाणार यावर ठरतं. जागेपेक्षा दिवसांची संख्या महत्त्वाची, आणि बहुतेक जण नेमकं तेच शेवटी ठरवतात.

सुट्टीचा खर्च दोन भागांत वाटून बघा. एक भाग एकदाच होणारा: जाण्यायेण्याचं तिकीट, व्हिसा, विमा, विमानतळापर्यंतची गाडी. तुम्ही तिथे तीन दिवस राहा नाहीतर तेरा, हा तेवढाच राहतो. दुसरा भाग रोजचा: मुक्काम, जेवणखाण, तिथलं फिरणं, प्रवेशशुल्कं. परदेशात पहिला भाग जवळपास नेहमीच मोठा असतो. दुसरा भाग मात्र कुठला देश निवडता त्यावर कमी किंवा जास्त होतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे धरले आहेत, चलन कोणतंही समजा. एका माणसाला देशातल्या सहलीसाठी प्रवासखर्च २० आणि रोजचा खर्च १२ येतो. परदेशात प्रवासखर्च ८०, पण देश स्वस्त असल्यामुळे रोजचा खर्च ६. पाच दिवसांची सहल देशात ८० ला होते, परदेशात ११० ला. दहा दिवसांची सहल दोन्हीकडे १४० ला, म्हणजे बरोबरीत. पंधरा दिवस राहिलात तर देशात २०० आणि परदेशात १७०. छोट्या सुट्टीला देश आणि लांबलचक सुट्टीला स्वस्त परदेश, हे सूत्र इथून येतं. परदेशात रोजचा खर्चही देशापेक्षा जास्त असेल तर बरोबरीचा दिवस कधीच उजाडत नाही. मग तो निर्णय पैसे वाचवण्याचा राहत नाही, हौसेचा होतो. हौसही करावी, फक्त तिला बचत म्हणू नये.

तुमचे आकडे घालून हे गणित कागदावर एकदा करून बघा. दहा मिनिटं लागतात आणि निम्मा वाद तिथेच मिटतो.

आम्ही घरात चौघं आहोत. हेच गणित लागू होतं का?

लागू होतं, पण उत्तर बरंच बदलतं. तिकीट आणि व्हिसा माणसागणिक लागतात. खोली आणि गाडी मात्र चौघांत वाटली जाते. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. परदेशाचा प्रवासखर्च आता चार वेळा ८०, म्हणजे ३२०. देशात तुम्ही एकाच गाडीने गेलात तर तो २० च राहतो. चौघांचा रोजचा खर्च देशात ३० आणि परदेशात १५ धरा. आता बरोबरी व्हायला वीस दिवस लागतात. वीस दिवसांची रजा आईवडिलांना एकदम मिळणं आणि शाळेलाही तेव्हाच सुट्टी असणं, हे किती घरांत जमेल?

म्हणून एकट्याने किंवा जोडीने फिरणाऱ्यांचे सल्ले कुटुंबांनी तसेच्या तसे घेऊ नयेत. "आम्ही देशापेक्षा स्वस्तात परदेश केला" असं कुणी सांगितलं तर आधी किती जण होते आणि किती दिवस होते ते विचारा.

पण देशातलीच सहल कधीकधी परदेशापेक्षा महाग पडते, ते का?

तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला कारणं आहेत. पहिलं कारण गर्दीचं. देशातल्या सगळ्या शाळांना आणि कचेऱ्यांना सुट्ट्या साधारण एकाच वेळी लागतात. सगळे त्याच चार ठिकाणी त्याच आठवड्यात धावतात, आणि हॉटेलवाले त्या आठवड्यात वर्षाची कसर भरून काढतात. परदेशातल्या ठिकाणी त्याच आठवड्यात कदाचित ऑफ सीझन असतो.

दुसरं कारण कराचं. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा १९४४ चा शिकागो करार आणि नंतर देशादेशांत झालेले हवाई करार यांमुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर सहसा कर लागत नाही. देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर मात्र कर लावायला सरकारं मोकळी असतात आणि कित्येक ठिकाणी लावतातही. बऱ्याच देशांत आंतरराष्ट्रीय तिकिटावर मूल्यवर्धित करही आकारत नाहीत. त्यामुळे दोन तासांचं देशातलं उड्डाण आणि तीन तासांचं परदेशाचं उड्डाण यांच्या भाड्यात वाटतो तितका फरक उरत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. देश महाग वाटतोय की देशातली ती ठरावीक चार ठिकाणं महाग आहेत, हे आधी तपासा. प्रसिद्ध ठिकाणापासून तास-दीड तासावरच्या गावात मुक्काम केला किंवा रेल्वे-बसने जाता येईल अशी जागा निवडली, तर देशाचा आकडा झपाट्याने खाली येतो.

आपलं चलन घसरलंय. मग परदेशाचा विचारच सोडावा का?

चलन कशाच्या तुलनेत घसरलं ते बघा. बातम्यांत बहुतेक वेळा डॉलरचा भाव सांगतात, पण तुम्ही जाणार त्या देशात डॉलर चालत नसेल तर त्या देशाच्या चलनाशी तुलना करा. जपानचं उदाहरण घ्या. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण १०४ येन मिळत. जुलै २०२४ मध्ये हा भाव १६१ च्या पुढे गेला. महागडा म्हणून ज्याची धास्ती घेतली जायची तोच देश त्या काळात डॉलर कमावणाऱ्यांसाठी खूपच आवाक्यात आला. ज्यांचं चलन डॉलरसमोर घसरलं पण येनइतकं घसरलं नाही, त्यांनाही फायदाच झाला.

याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या देशाचं चलन कोसळलं म्हणून तो देश स्वस्त झाला असं धरून चालू नका. तुर्कस्तानचा लिरा घसरत होता तेव्हा तिथले भावही चढत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली अधिकृत वार्षिक महागाई ८५ टक्क्यांच्या वर होती. शिवाय पर्यटकांच्या भागातली हॉटेलं असे दिवस आले की आपले दर युरोत किंवा डॉलरमध्ये लावू लागतात. मग चलन घसरल्याचा फायदा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

अर्थसंकटातल्या देशाबाबत तर पैशांपलीकडचाही विचार करावा. २०२२ मध्ये श्रीलंकेत इंधनाची इतकी टंचाई झाली की पंपांवर दिवस दिवस रांगा लागत होत्या. अशा वेळी मुक्काम स्वस्त मिळेल, पण तिथून पुढे हलता येईल का, हा प्रश्न उभा राहतो.

आणि विमानभाड्याचं विसरू नका. इंधन आणि विमानांची भाडेपट्टी मुख्यतः डॉलरमध्ये असते. म्हणून तिथला मुक्काम स्वस्त झाला तरी तिथवर पोहोचणं महागच राहू शकतं. इथेही पुन्हा दिवसांचंच गणित येतं.

जाहिरातीतलं भाडं आणि हातात येणारं बिल यांत नेमकं काय काय वाढतं?

सुरुवात व्हिसापासून करू. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क त्याच्यावर. व्हिसा लागत नाही अशा काही देशांतही आता आगाऊ परवानगीची फी असते. न्यूझीलंडने पर्यटकांवरची आकारणी ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० न्यूझीलंड डॉलर केली. भूतान बहुतेक परदेशी पाहुण्यांकडून माणशी, दर रात्रीचे १०० अमेरिकी डॉलर घेतो. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता नुसतं फिरून जाणाऱ्यांनाही शुल्क लावलं. हॉटेलच्या बिलात रात्रीमागे शहराचा कर लागतो तो वेगळाच, आणि तो बऱ्याचदा बुकिंगच्या आकड्यात धरलेला नसतो.

मग सामान. स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात कित्येकदा फक्त सीटखाली मावणारी पिशवी असते. चेक-इन बॅग, आवडीची सीट, कधी विमानतळावर छापलेला बोर्डिंग पास, या सगळ्याला पैसे. स्वस्त उड्डाण शहरापासून लांबच्या विमानतळावर उतरतं, तिथून शहरात यायची बस किंवा गाडी. पहाटेचं उड्डाण असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम. फोनचं रोमिंग किंवा तिथलं सिम. घरी पाळीव प्राणी असेल तर त्याची सोय.

देशातल्या सहलीत यातलं बरंचसं गळून पडतं. पण तिथे दुसरी गळती असते. आपण आपल्याच देशात आहोत म्हणून हिशोब ठेवतच नाही. रस्त्यात थांबलो, हे खाल्लं, ते घेतलं, टोल भरला, पार्किंग भरलं. परत आल्यावर बेरीज केली की डोळे उघडतात. परदेशात आपण प्रत्येक खर्च मनातल्या मनात आपल्या चलनात बदलत असतो, त्यामुळे हात आपोआप आखडतो. देशातही रोजची एक रक्कम ठरवून तेवढीच वेगळी काढून ठेवा. याने फार फरक पडतो.

व्हिसा मिळेल की नाही याचीच खात्री नाही. आधी तिकीट काढावं का?

परत न मिळणारं तिकीट तरी काढू नये. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही. चौघांपैकी एकालाच नकार आला तरी सगळी सहल बारगळते.

पासपोर्टही आत्ताच उघडून बघा. बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपासून पुढे ६ महिने वैध असलेला पासपोर्ट लागतो. शेंगेनमध्ये तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने. चार पासपोर्टांचं नूतनीकरण हाही एक खर्चच असतो, आणि तो जवळजवळ कुणीच हिशोबात धरत नाही.

परदेशात पैसे कसे द्यावेत? कार्ड, रोख, की आणखी काही?

हॉटेलच्या काउंटरवर कार्ड मशिनमध्ये घातलं की कधीकधी पडद्यावर दोन आकडे येतात. एक तिथल्या चलनात, दुसरा तुमच्या चलनात. तुमच्या चलनातला आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडे जातं. काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस आपणहून तेच बटण दाबून देतो. तिथे थांबा आणि तिथलं स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनातला आकडा काढताना मशिनवाल्याने स्वतःचा दर लावलेला असतो, आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. तुमची बँक परकीय व्यवहाराची फी लावते ती वेगळी, आणि ती काही वेळा दोन्ही पर्यायांत लागते. एटीएममधून पैसे काढतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

विमानतळावरच्या चलन बदलणाऱ्या खिडकीवर मोठी रक्कम बदलू नये. पोहोचल्यावर गाडीपुरते पैसे पुरे. जायच्या आधी बँकेला परकीय व्यवहाराची टक्केवारी विचारा. ती शून्य असलेली कार्डंही मिळतात. पंधरा दिवसांच्या खर्चावर ३ टक्के म्हणजे जवळपास अर्ध्या दिवसाचा खर्च झाला.

पैसे कमी पडताहेत. हप्त्यांवर जावं का?

नाही. बाकी सगळ्या प्रश्नांत मी "तुमच्यावर आहे" म्हणेन, इथे म्हणणार नाही.

घर किंवा शिक्षण यांसाठी घेतलेल्या कर्जामागे काहीतरी उरतं. सुट्टी आठवड्यात संपते आणि हप्ते वर्षभर चालू राहतात. पुढची सुट्टी तोंडावर येते तेव्हा मागची फिटलेली नसते. त्यात महागाईच्या काळात व्याजदरही सहसा चढे असतात, कारण महागाई आटोक्यात आणायला मध्यवर्ती बँका दर वाढवतात. म्हणजे ज्या वर्षी कर्ज काढायचा मोह जास्त, नेमकं त्याच वर्षी ते जास्त महाग. "व्याज शून्य" असं लिहिलेल्या योजनेत प्रक्रिया शुल्क किती, एक हप्ता चुकला तर दंड किती आणि रोख भरणाऱ्याला सूट मिळते का, हे तीन प्रश्न विचारा. शून्य बऱ्याचदा शून्य राहत नाही.

अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही सुट्टीसाठी मोडू नका. निदान तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी राहिला पाहिजे. ती रक्कम सोडून जे उरेल ते या वर्षीचं सुट्टीचं बजेट. त्यात परदेश बसत असेल तर आनंदाने जा. नसेल बसत, तर त्यात काय बसतं ते शोधायचं. ती सुट्टी कमी दर्जाची ठरत नाही.

कुठेच न जाता घरीच सुट्टी घेतली तर?

चालेल, आणि छान होऊ शकते. पण एका अटीवर: ती घरातल्या सगळ्यांची सुट्टी असली पाहिजे.

घरी राहून सुट्टी घेतली की व्हायचं तेच होतं. बाकीचे उशिरा उठतात आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीचं काम दुप्पट होतं, कारण सगळे दिवसभर घरी आणि सगळ्यांना सारखी भूक. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट भाड्याने घेऊन केलेल्या सहलीतही हेच घडतं. जेवणाचे पैसे वाचतात, पण ते एका माणसाच्या कष्टातून वाचतात आणि तो माणूस बहुतेक घरांत आई असते. तिला विचारल्याशिवाय "आपण तिथेच करून खाऊ" हे ठरवू नये. दिवसाआड बाहेर जेवायचं, उरलेल्या दिवशी पाळी लावायची, किंवा सकाळचं घरी आणि रात्रीचं बाहेर, काहीही ठरवा. पण निघायच्या आधी ठरवा.

घरच्या सुट्टीला तारखा द्या. त्या दिवसांत कपाट आवरणं, बँकेची कामं, रंगकाम यातलं काही काढू नका. आपल्याच शहरातलं जे पाहुण्यांना दाखवतो पण स्वतः वर्षानुवर्षं बघितलेलं नसतं, तिथे जा. कचेरीचा फोन बंद. नाहीतर ती नुसती बिनपगारी ओव्हरटाइमची सोय होऊन बसते.

लांब गेलं की जास्त ताजंतवानं वाटतं ना?

ते अंतरावर ठरत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दीड हजाराच्या आसपास डच लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीवर जाणारे लोक जायच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र, अगदी निवांत सुट्टी झालेल्यांचा अपवाद सोडला, तर त्यांच्यात आणि न गेलेल्यांत फरक उरला नव्हता. त्यातून मी दोन गोष्टी घेतो. वाट बघण्याचा आनंद खरा असतो आणि तो फुकट मिळतो, म्हणून सहल लवकर ठरवावी. आणि धावपळीची मोठी सहल करण्यापेक्षा निवांत छोटी सहल बरी.

वेळेच्या फरकाचाही विचार करा. शरीराच्या घड्याळाला एका तासाचा फरक भरून काढायला ढोबळमानाने एक दिवस लागतो, पूर्वेकडे जाताना थोडा जास्तच. सहा तासांच्या फरकाच्या देशात सहा दिवसांसाठी गेलात तर घड्याळ जुळेपर्यंत परतीचं विमान येतं. रजा आठवड्याचीच असेल तर आपल्याच वेळेच्या पट्ट्यातला देश निवडावा, म्हणजे सरळ उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे.

ऑफ सीझनमध्ये जाणं कितपत शहाणपणाचं?

खर्च कमी करायचा याच्याइतका मोठा उपाय दुसरा नाही. देश बदलून जेवढे वाचत नाहीत तेवढे बऱ्याचदा आठवडा बदलून वाचतात. हंगामाच्या अगदी आधीचे किंवा लगेच नंतरचे तीन-चार आठवडे सगळ्यात चांगले. हवा बरी असते, दुकानं आणि फेरीबोटी चालू असतात, दर मात्र उतरलेले. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, त्यामुळे तिथला गर्दीचा काळ डिसेंबर-जानेवारीत येतो हे लक्षात ठेवा.

पण दर का उतरलेत हे शोधल्याशिवाय बुकिंग करू नका. कॅरिबियन बेटांवर सप्टेंबरमध्ये हॉटेलं स्वस्त असतात, कारण अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक असतो. डोंगरातल्या काही वाटा हिवाळ्यात बंद असतात. अशा वेळी स्वस्त मिळालेल्या खोलीत बसून राहावं लागतं.

शाळेत जाणारी मुलं असणाऱ्यांना हा उपाय पूर्ण वापरता येत नाही. तरी सुट्टी लागल्याच्या पहिल्या शनिवारी निघण्याऐवजी मधल्या मंगळवारी किंवा बुधवारी निघालात तर फरक दिसतो.

वयस्कर आईवडील बरोबर आहेत. काय बघावं?

सगळ्यात आधी विमा. परदेशात आजारपण आलं तर रुग्णालयाचा खर्च सहलीच्या कित्येक पट होऊ शकतो, आणि अमेरिकेसारख्या देशात तर फारच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. इतर ठिकाणी सक्ती नसली तरी विमा घ्याच. वय वाढेल तसा हप्ता चढतो, आणि आधीपासून असलेला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार लपवला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून सगळं खरं लिहा. वाढीव हप्ता धरूनच परदेशाचा आकडा काढा.

देशात असताना आपली भाषा बोलणारा डॉक्टर, ओळखीची औषधं, आणि गरज पडली तर रात्रीतून घरी परतायची सोय असते. सत्तरी ओलांडलेल्या माणसांसाठी मी याला पैशांपेक्षा जास्त महत्त्व देतो. तरीही आईने आयुष्यभर एखादा देश बघायचं मनात धरलं असेल आणि तब्येत साथ देत असेल, तर बाकीच्यांच्या दोन सहली रद्द करून तिला न्यावं. ती संधी पुढे ढकलता येत नाही.

मुलांना लहानपणीच परदेश दाखवायला हवा का? वर्गातली सगळी जाऊन आलीत.

नाही. पाच वर्षांच्या मुलाला समुद्र हवा असतो, तो कुठल्या देशाचा आहे याचं त्याला काही नसतं. मोठ्या मुलांना घरातली परिस्थिती सांगितली तर कळते. त्यांना बजेटचा आकडा द्या आणि दोन पर्याय शोधायला लावा. वर्गातल्या मुलांशी बरोबरी म्हणून काढलेली सहल त्या मुलांनाही फार सुख देत नाही.

पॅकेज टूर घ्यावी की सगळं स्वतः ठरवावं?

दर वर चढत असताना पॅकेजचा एक फायदा आहे: बराचसा खर्च आधी ठरून जातो. पण करारातलं भाववाढीचं कलम वाचा. युरोपीय संघाच्या नियमांत, इंधन, कर किंवा चलनाच्या दरामुळे आयोजकाने किंमत ८ टक्क्यांहून जास्त वाढवली तर ग्राहकाला दंडाशिवाय करार रद्द करता येतो. तुमच्या करारात असं संरक्षण आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारा. "सर्व समाविष्ट" म्हणजे कोणती जेवणं, कोणती प्रवेशशुल्कं, हेही लेखी घ्या. देशातल्या सहलीला पॅकेजची गरज सहसा नसते.

दरवर्षी छोटी सहल की तीन वर्षांतून एकदा मोठी?

मी दोन्ही एकत्र करावं म्हणेन. दरवर्षी देशात चार-पाच दिवस आणि उरलेल्या रकमेतून दर महिन्याला थोडं वेगळं काढून तीन-चार वर्षांनी परदेशात पंधरा दिवस. पहिल्या उत्तरातल्या गणिताप्रमाणे मोठा प्रवासखर्च एकदाच होतो आणि जास्त दिवसांवर वाटला जातो. दर दुसऱ्या वर्षी चार दिवसांसाठी परदेशी धावण्यात तो खर्च पुन्हा पुन्हा भरावा लागतो. जोडीदारांपैकी एकाला परदेश हवा आणि दुसऱ्याला नको असतो, तिथेही ही वाटणी बहुतेक वेळा पटते.

बुकिंग झाल्यावर परिस्थिती बिघडली तर? नोकरी गेली, दर आणखी वाढले...

म्हणूनच बुकिंग करतानाच प्रत्येक गोष्टीची मोफत रद्द करायची शेवटची तारीख एका कागदावर उतरवून ठेवा: हॉटेल, गाडी, विमान, विमा. रद्द करता येणारी खोली थोडी महाग असते. अनिश्चित वर्षात तो फरक द्यावा. यातल्या सगळ्यात आधी येणाऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी घरच्यांनी एकत्र बसून पुन्हा विचारावं, अजून परवडतंय का. नसेल परवडत, तर त्या दिवशी रद्द केल्याने सगळ्यात कमी नुकसान होतं.

रजेची तारीख मात्र रद्द करू नका. मंजूर झालेली रजा परत मिळवणं अवघड असतं. त्याच दिवसांत जवळपास कुठेतरी, दोन रात्रींपुरतं का होईना, जाऊन या.